'मागच्या वेळी काही झालं नव्हतं': कुत्रा, चॉकलेट आणि मात्रेचं गणित

"आमच्या ब्रूनोने तर अख्खं चॉकलेट खाल्लं होतं, काहीसुद्धा झालं नाही." कुत्र्याला चॉकलेट देऊ नका असं कुणी म्हटलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारा खोटं बोलत नसतो. तीस किलोच्या लॅब्रडॉरने दहा-वीस रुपयांचं मिल्क चॉकलेट गिळलं तर बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण या एका अनुभवावरून घरात समजूत पक्की होते. पुढे कधीतरी त्याच घरात केकसाठी आणलेल्या कोको पावडरचा डबा ओट्यावर उघडा राहतो, किंवा शेजारच्या काकूंचं चार किलोचं पॉमेरेनियन खेळायला येतं. मग 'मागच्या वेळी काही झालं नव्हतं' हीच समजूत जिवावर बेतते.

याच्या उलट टोकाची माणसंही असतात. पोराच्या हातून चॉकलेटची एक गोळी पडली, कुत्र्याने ती चाटली, आणि घरात रडारड सुरू. दोघांचंही चुकतं ते एकाच ठिकाणी. चॉकलेट विषारी आहे का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणतं चॉकलेट, किती ग्रॅम, किती किलोच्या जनावराने आणि किती वाजता खाल्लं, या चार गोष्टी कळल्या की पुढचं बरंचसं गणित घरच्या घरी मांडता येतं. ते गणित प्रत्येक श्वानपालकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण नेमक्या त्या तासाभरात कुणी समजावून सांगायला बसत नाही.

आधी त्यात असतं काय ते पाहू. कोकोच्या बियांमध्ये थिओब्रोमाइन नावाचं रसायन असतं आणि त्याच्या जोडीला थोडं कॅफीन. दोन्ही एकाच कुळातली. आपण चहा-कॉफी प्यायल्यावर तरतरी येते ती कॅफीनमुळे. थिओब्रोमाइन त्याचं भावंड, जरा सौम्य पण जास्त वेळ टिकणारं. शरीरात ॲडेनोसिन नावाचा एक पदार्थ असतो. मेंदूला आणि हृदयाला सावकाश चालायला लावणं, झोप आणणं हे त्याचं काम. थिओब्रोमाइन आणि कॅफीन त्याची जागा अडवतात, त्यामुळे सावकाश होण्याचा निरोप पोचतच नाही. शिवाय स्नायूंच्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढतं, म्हणजे स्नायू जास्त जोराने आणि वारंवार आकसतात. हृदय हाही स्नायूच. त्यामुळे हृदय धावायला लागतं, हातापायाचे स्नायू थरथरतात, लघवी वाढते आणि मेंदू शांत बसत नाही.

हे आपल्यालाही होऊ शकतं, पण आपलं यकृत थिओब्रोमाइन बऱ्यापैकी लवकर निकालात काढतं. कुत्र्याचं यकृत हेच काम फार रेंगाळत करतं. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमाइन निम्मं व्हायला साधारण 17.5 तास लागतात. माणसाला त्याच्या निम्म्याच्या आसपास वेळ पुरतो. रात्री नऊला खाल्लं तर दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला अर्धं विष अजून अंगात असतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पाव हिस्सा. त्यात आणखी एक अडचण आहे. यकृताकडून पित्तावाटे आतड्यात गेलेलं थिओब्रोमाइन तिथून परत रक्तात शोषलं जातं, आणि मूत्राशयात साठलेल्या लघवीतूनही थोडं परत जातं. बाहेर पडायच्या वाटेवरून ते असं माघारी फिरतं, म्हणून हा आजार एका रात्रीत आटोपत नाही. जोराची विषबाधा असेल तर लक्षणं 72 तासांपर्यंत राहू शकतात.

आता गणित.

पशुवैद्यक शास्त्रात धरले जाणारे आकडे असे आहेत: कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 20 मिलीग्रॅम थिओब्रोमाइन-कॅफीन पोटात गेलं की उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. 40 ते 50 मिलीग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात. 60 च्या पुढे आकडी येते. 100 ते 200 मिलीग्रॅम ही मात्रा अशी, की ती गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण अर्धे मरतात. मात्र या आकड्यांना भिंती नसतात. म्हातारा, हृदयविकार असलेला किंवा नुसता नाजूक प्रकृतीचा कुत्रा याहून बऱ्याच कमी मात्रेत दगावू शकतो.

चॉकलेटचा प्रकार इथे सगळ्यात जास्त फरक पाडतो. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमाइन जवळजवळ नसतंच. मिल्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला 2 मिलीग्रॅमच्या आसपास. साध्या डार्कमध्ये 5. वेष्टनावर '70 टक्के कोको' लिहिलेलं असेल तर 8 च्या आसपास. आणि बिनसाखरेच्या कोको पावडरमध्ये दर ग्रॅमला 20 किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे एक ग्रॅम कोको पावडर ही दहा ग्रॅम मिल्क चॉकलेटच्या बरोबरीची. रंग जितका गडद आणि चव जितकी कडू, तितका धोका मोठा, हे सहज लक्षात राहण्याजोगं आहे.

तीस किलोचा लॅब्रडॉर आणि चार किलोचं पॉमेरेनियन समोर ठेवू. 40 ग्रॅमचं मिल्क चॉकलेट म्हणजे 80 मिलीग्रॅम. लॅबच्या वाट्याला किलोमागे तीनसुद्धा येत नाहीत. तो शेपूट हलवत आणखी मागेल. पॉमेरेनियनच्या वाट्याला मात्र पूर्ण 20 येतात, म्हणजे पोट बिघडणार. आता 70 टक्के कोकोचं 50 ग्रॅमचं डार्क चॉकलेट घ्या: 400 मिलीग्रॅम. लॅबला किलोमागे 13. पॉमेरेनियनला 100, म्हणजे थेट जिवाचा धोका. आणि कोको पावडरचा 100 ग्रॅमचा डबा त्या लॅबने फोडून चाटून पुसून साफ केला, तर 2000 मिलीग्रॅम, किलोमागे 66 च्या वर. ज्या लॅबला 'चॉकलेटने काही होत नाही' त्यालाच आकडी येईल. पॉमेरेनियनला त्या डब्यातले दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे, पुरेसे आहेत हृदय बिघडवायला.

अर्धा किलोच्या घरगुती चॉकलेट केकमध्ये साधारण 25 ते 30 ग्रॅम कोको पावडर पडते. म्हणजे सगळ्या केकमध्ये 500-600 मिलीग्रॅम थिओब्रोमाइन. वरून डार्क कंपाउंड वितळवून ओतलं असेल तर त्याची भर वेगळी. 'कंपाउंड' म्हणजे खरं चॉकलेट नाही, त्यात वनस्पती तेल असतं, मग कशाला चिंता, असं काही जणांना वाटतं. पण तेल येतं ते कोको बटरच्या जागी. डार्क कंपाउंडचा रंग आणि कडवटपणा कोकोचाच असतो. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी ताई आता गावोगावी आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात एक-एक किलोच्या कंपाउंडच्या लाद्या आणि कोकोचे डबे रचलेले असतात. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी हे सामान धान्याच्या पिंपात किंवा कडी लागणाऱ्या कपाटातच ठेवावं. वरच्या फळीवर ठेवून भागत नाही. बीगल जातीच्या कुत्र्याला खुर्चीवरून ओट्यावर चढताना पाहिलं असेल तर हे निराळं सांगायला नको.

गणेशोत्सवातले चॉकलेटचे मोदक, राखीपौर्णिमेला भावाला दिलेले डबे, दिवाळीत ऑफिसातून आलेली गिफ्टची खोकी, नाताळ. ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 ते 2017 या काळातल्या तिथल्या पशुवैद्यकांकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळच्या दिवसांत कुत्र्यांनी चॉकलेट खाल्ल्याचं प्रमाण एरवीपेक्षा चौपट निघालं, आणि ईस्टरला दुपटीच्या जवळ. आपल्याकडे ईस्टरची अंडी नसतात, पण टीपॉयवर उघडं ठेवलेलं खोकं आणि घरभर पाहुणे हे दृश्य आपल्याकडे वर्षात चार-पाच वेळा तरी येतं. खोकं खाली पडलेलं असेल तर त्यातल्या पांढऱ्या, मिल्क आणि डार्क वड्या किती होत्या हे कुणालाच आठवत नाही. अशा वेळी सगळ्या डार्क होत्या असं धरून हिशेब करावा.

खाल्ल्यानंतर काय दिसतं? पहिले काही तास बरेचदा काहीच दिसत नाही, आणि घरचे निर्धास्त होतात. लक्षणं साधारण 6 ते 12 तासांत उभी राहतात. उलटी त्याआधीही होऊ शकते. सुरुवात फसवी असते. कुत्रा भांड्यातलं पाणी संपवतो आणि परत मागतो. पोट जरा फुगलेलं वाटतं. एका जागी बसत नाही. गादीवर जातो, उठतो, दाराशी जातो, परत येतो. लघवीला पुन्हा पुन्हा बाहेर न्या म्हणतो, कधी घरातच करतो. 'आज फार मस्तीत आहे' असं म्हणून इथे लोक हसतात. पुढच्या टप्प्यात धाप लागते, जीभ बाहेर, पंख्याखाली बसूनही अंग तापलेलं. छातीच्या डाव्या बाजूला, कोपराच्या मागे हात ठेवला तर ठोके मोजता येऊ नयेत इतके जलद लागतात. मांडीवरची, खांद्यावरची कातडी आपोआप उडायला लागते, माशी बसल्यावर गाय कातडी थरारवते तशी, फक्त माशी नसते आणि थरथर थांबत नाही. चालताना मागचे पाय झोकांड्या खातात, मग अंग ताठरतं. त्यानंतर आकडी. मृत्यू येतो तो हृदयाचा ताल बिघडून, अंगातला ताप हाताबाहेर जाऊन किंवा श्वास बंद पडून.

कातडीची ती थरथर दिसली की घरी थांबण्यात अर्थ नाही. खरं तर त्याच्या किती तरी आधी निघायला हवं.

खाल्ल्याचं कळल्याबरोबर काय करायचं? उरलेलं चॉकलेट उचला, आणि वेष्टन फेकू नका. त्यावर वजन असतं, कोकोची टक्केवारी असते, घटकपदार्थ असतात. डॉक्टरांना हेच हवं असतं. वेष्टनाचे तुकडे जमिनीवर जुळवून पाहा, म्हणजे चमकीचा कागदही गिळला का ते कळेल, कारण तो आतड्यात अडकू शकतो. किती वाजता झालं ते लिहून ठेवा. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. हे सगळं पाच मिनिटांत होतं. लगेच डॉक्टरांना फोन. घरात दोन कुत्री असतील तर कुणी किती खाल्लं याचा अंदाज बांधत बसू नका. प्रत्येकाने सगळंच खाल्लं असं धरा.

आणि काय करू नये, हे मला जास्त ठासून सांगायचं आहे. आपल्याकडे विष पोटात गेलं म्हटलं की पहिला उपाय मिठाचं पाणी. माणसांसाठी तो वर्षानुवर्षं चालत आला, म्हणून कुत्र्यालाही पाजला जातो. हा उपाय चॉकलेटपेक्षा घातक ठरू शकतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 2 ते 3 ग्रॅम मीठ अंगात राहिलं तर विषबाधेची लक्षणं दिसतात आणि 4 ग्रॅमच्या आसपास मृत्यू येऊ शकतो. वाढणीचा एक मोठा चमचा भरून मीठ 15 ग्रॅमच्या पुढे जातं. चार किलोच्या कुत्र्याला तेवढं पाजलं आणि उलटी झालीच नाही, तर ती जवळपास मारक मात्रा झाली. रक्तातलं सोडियम एकदम वाढून मेंदूला सूज येते, आकडी येते, आणि मग ही आकडी चॉकलेटची की मिठाची हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही.

इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायचा सल्ला सापडतो. तो परदेशातला आहे आणि 3 टक्क्यांच्या द्रावणासाठी आहे, तोही डॉक्टरांशी फोनवर बोलून द्यायचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये जखमा धुवायला मिळणारी बाटली बरेचदा 6 टक्क्यांची असते. त्याने जठराला व्रण पडतात. मांजराला तर ते मुळीच द्यायचं नसतं. घशात बोटं घालणं, तेल पाजणं, मोहरीचं पाणी, हेही नको. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये उलटी श्वासनलिकेत शिरण्याची भीती जास्त, आणि जो आधीच थरथरतोय किंवा अर्धवट शुद्धीत आहे त्याला घरी उलटी करवणं म्हणजे गुदमरवणं. दुधाने, तुपाने, हळदीने थिओब्रोमाइन मरत नाही. दूध पाजून वाट बघण्यात गेलेला तास मात्र परत येत नाही.

डॉक्टरांकडे नेल्यावर ते काय करतात? थिओब्रोमाइनवर उतारा असं औषध नाही. 'एक इंजेक्शन द्या म्हणजे उतरेल' असं होत नाही, हे आधी कळलेलं बरं, नाहीतर सलाईनवर दोन दिवस ठेवल्यावर लोकांना फसवलं गेल्यासारखं वाटतं. कुत्रा शुद्धीत असेल, लक्षणं सुरू झाली नसतील तर डॉक्टर औषध देऊन उलटी करवतात. चॉकलेट पोटात वितळून गोळा होऊन बराच वेळ पडून राहतं आणि हळूहळू शोषलं जातं. त्यामुळे दोन-तीन तास उलटून गेले असले तरी उलटीचा उपयोग होतो. 'आता काय, पचलं असेल' म्हणून घरी बसू नये. त्यानंतर गरजेप्रमाणे सक्रिय कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजतात. ती आतड्यातलं थिओब्रोमाइन स्वतःला चिकटवून घेते. पित्तावाटे ते परत आतड्यात येतं हे वर सांगितलंच, म्हणून कोळशाची मात्रा काही तासांनी पुन्हा द्यावी लागू शकते. पुढे दोन दिवस शी काळी होते. घाबरायचं कारण नाही.

पुढच्या पायाला सुई लावून सलाईन. त्याने लघवी वाढते आणि विष बाहेर पडायला मदत होते. मूत्राशयातून ते परत शोषलं जाऊ नये म्हणून कुत्र्याला वारंवार फिरवून लघवी करवतात किंवा नळी घालतात. तुमचा कुत्रा ॲडमिट नसेल आणि घरी पाठवलं असेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, खाली नेणं हा उपचाराचाच भाग आहे. थरथर आणि आकडी थांबवायला डायझेपामसारखी औषधं, ठोके फार वाढले तर ते आवरणारी औषधं, हृदयाचा आलेख, अंग तापलं तर थंडावा. वेळेवर आणलेले बहुतेक कुत्रे वाचतात, आणि हीच या सगळ्यातली दिलासा देणारी बाजू आहे.

ठोके जागेवर आले म्हणजे संपलं असंही नाही. चॉकलेटमध्ये चरबी भरपूर असते, आणि एकदम एवढी चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ती एक ते तीन दिवसांनी दिसते: पुन्हा उलट्या, जेवण बंद, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचं धड वर ठेवून उभं राहणं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमाइन नसतं म्हणून ते निर्धोक, असं म्हणता येत नाही ते याच कारणाने.

रात्री दोन वाजता उघडा दवाखाना शोधणं हा खरा कठीण भाग. मोठ्या शहरांत चोवीस तासांचे खासगी दवाखाने आहेत. तालुक्याच्या गावी नसतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आणि परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्याला जवळचं ठिकाण कोणतं, तिथे रात्री कोण असतं, हे एखाद्या निवांत दुपारी फोन करून विचारून ठेवावं आणि नंबर फ्रिजवर चिकटवावा.

मांजरांचं काय? थिओब्रोमाइन मांजरालाही बाधतं, पण दवाखान्यात येतात ती बहुतेक कुत्रीच. मांजराला गोड चवच कळत नाही. गोडाची जाणीव करून देणारं एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं. वाघ-सिंहांनासुद्धा साखरेचं काही नसतं ते यामुळेच. तरी लोणी, साय, आइस्क्रीम यांच्या ओढीने मांजर चॉकलेट आइस्क्रीमचा कप चाटू शकतं, आणि तीन-साडेतीन किलोच्या देहाला थोडंही पुष्कळ होतं.

पक्षी तर याहून नाजूक. न्यूझीलंडच्या डोंगरात केआ नावाचा पोपट असतो, अतिशय चौकस, माणसांच्या सामानात चोच घालणारा. असाच एक केआ मेलेला सापडला तेव्हा त्याच्या अन्नपिशवीत सुमारे 20 ग्रॅम डार्क चॉकलेट निघालं. आपल्याकडे पिंजऱ्यात पाळलेल्या बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम असतं. त्याला कौतुकाने दिलेला वाटाण्याएवढा तुकडाही त्याच्यासाठी छोटा नसतो. आणि मोठं जनावर म्हणजे सुरक्षित, हाही भ्रम नको. 2014 मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात शिकाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेल्या चॉकलेट आणि डोनटच्या ढिगाऱ्याजवळ चार काळी अस्वलं मेलेली आढळली, त्यात दोन पिल्लं होती. कारण थिओब्रोमाइन. पुढे तिथे अस्वलांच्या आमिषात चॉकलेट वापरायला बंदी आली.

चॉकलेटबद्दल बोलताना त्याच स्वयंपाकघरातल्या तीन-चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली कॉफी. चिकोरी नसलेल्या इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये 30 मिलीग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं, म्हणजे कोको पावडरपेक्षाही कडक. कॉफीची फाटलेली पुडी कुत्र्याने चाटली तर वरचंच गणित लावायचं. चहात बुडवलेलं बिस्किट एखाद्या वेळी गेलं तर आकाश कोसळत नाही, पण रोज सकाळी टपरीवर चहा-बिस्किटाची सवय लावू नये. चहाचा चोथा केराच्या डब्यात झाकून ठेवावा.

दुसरी झायलिटॉल, आणि ही मला चॉकलेटहून जास्त भीतीदायक वाटते. शुगर-फ्री च्युइंगगम, काही शुगर-फ्री चॉकलेटं, काही टूथपेस्ट यांत ही साखरेऐवजी वापरली जाते. माणसाला ती निरुपद्रवी. कुत्र्याचं शरीर मात्र तिला साखर समजून एकदम इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. कुत्रा लटपटतो, पडतो, आकडी येते. किलोमागे 0.1 ग्रॅम एवढीच मात्रा त्याला पुरते, आणि 0.5 ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. वेष्टनावर झायलिटॉल किंवा 'आयएनएस 967' लिहिलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न पाहता निघायचं.

तिसरी द्राक्षं, मनुका, बेदाणे. नाशिक-सांगलीच्या घरांत हे पोत्याने असतात. काही कुत्र्यांची किडनी यांनी थेट बंद पडते, आणि किती खाल्ल्याने पडेल ते आधी सांगता येत नाही. यामागे टार्टरिक आम्ल असावं असा संशय अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अलीकडे मांडला, आणि पाठोपाठ चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडनीला तसाच मार बसल्याच्या नोंदी आल्या, कारण चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात चिंचा फोडून अंगणात वाळत घालतात. कुत्र्याला त्या आवडत नसतील, तरी गुळात घोळवलेल्या गोळ्या त्याला नक्की आवडतील. बेदाणे घातलेलं चॉकलेट असेल तर दोन्ही हिशेब एकाच वेळी करावे लागतात.

प्रतिबंध म्हणून घरात मोठ्यांना समजावणं सोपं आहे, मुलांचं वेगळं. 'ब्रूनोला चॉकलेट द्यायचं नाही' असं दटावून ठेवलेलं मूल एखाद्या दिवशी देतंच, कारण त्याला स्वतःला सगळ्यात आवडणारी वस्तू त्याला मित्राला द्यायची असते. मग मार बसेल म्हणून ते गप्प राहतं, वेष्टन सोफ्याच्या फटीत सरकवतं, आणि संध्याकाळी कुत्रा धापा टाकायला लागेपर्यंत कुणाला काही कळत नाही. म्हणून मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. त्याला काही द्यावंसं वाटलं तर गाजराचा किंवा बिया काढलेल्या सफरचंदाचा तुकडा दे. आणि चुकून चॉकलेट दिलंस, किंवा त्याने पळवलं, तर त्याच क्षणी येऊन सांग, कुणीही रागावणार नाही. हा शब्द मग मोठ्यांनी पाळायचा. सणाच्या दिवशी बारा माणसांसमोर, हातात तुटकं खोकं घेऊन ते मूल खरं सांगायला आलं, तर आधी विचारायचं ते एवढंच: किती वाजता, आणि काळं होतं का तपकिरी?